बंडलावर लेबल ज्याचं, मालक तोच

जुलै महिना म्हणजे आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते, कारण रिटर्न भरायचं सगळ्या बेळगावला शेवटच्या आठवड्यातच आठवतं. त्या गर्दीत गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रश्न सारखा कानावर येतोय आणि तो पोरं विचारत नाहीत, त्यांचे आईवडील विचारतात. येळ्ळूरचे एक काका आले होते, मुलाचा फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ह्यात कंपनीचं नाव बघा की जरा. पोरगं जर्मनीच्या कंपनीत हाय म्हणून सांगतंय, ह्यात नाव भलतंच हाय. पगार जमा होतोय तो पण ह्याच नावानं. सोयरीक बघायला लागलोय, पोरीकडची मंडळी कंपनीचं नाव विचारत्यात, काय म्हणून सांगू?"

काका काही अडाणी नव्हते, उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर म्हणून जन्म काढलेला माणूस. त्यांना एवढंच कळत नव्हतं की आपल्या पोराचा मालक कोण. आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न त्यांच्या पोरालाही पडायला पाहिजे होता, मला पडायला पाहिजे होता, आणि सगळ्यात जास्त आपल्या सरकारला पडायला पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समजा बर्लिनच्या एका कंपनीला बेळगावचा एक सॉफ्टवेअर इंजिनियर पाहिजे. त्याला सरळ पगारावर घ्यायचं तर इथं कंपनी काढावी लागते, दोन डायरेक्टर, त्यातला एक तरी वर्षातले १८२ दिवस भारतात राहणारा, मग ऑडिट, आरओसीचे म्हणजे कंपनी रजिस्ट्रारचे फॉर्म, पीएफचा नंबर, टीडीएसचा नंबर, आणि वरून ही भीती की आपला धंदाच भारतात आहे असं इथल्या इन्कम टॅक्स खात्यानं धरलं तर नफ्यावर इथं टॅक्स बसेल. दोन-चार माणसांसाठी एवढा खटाटोप कोण करणार. म्हणून मधे एक तिसरी कंपनी येते, एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड, सगळे ईओआर म्हणतात, आपल्याकडं थर्ड पार्टी पेरोल म्हटलं की लोकांना पटकन कळतं. ही मधली कंपनी भारतात नोंदलेली असते, अपॉइंटमेंट लेटर ती देते, पगार ती टाकते, पीएफ, टीडीएस, प्रोफेशनल टॅक्स ती कापते, फॉर्म १६ तिचा. काम मात्र बर्लिनवाल्याचं. सकाळी काय करायचं ते बर्लिनवाला सांगतो, संध्याकाळी झालं का ते बर्लिनवाला बघतो, पगार किती आणि वाढवायचा का ते बर्लिनवाला ठरवतो, आणि ह्या सगळ्यासाठी मधल्या कंपनीला माणशी दरमहा काही शे डॉलर फी देतो. कागदावर मालक एक, खरा मालक दुसरा. कोरोनानंतर घरून काम चालतं हे जगाला पटलं आणि हा धंदा आपल्या गल्लीबोळापर्यंत पोचला.

आता मी काही ह्याच्या विरोधात लिहायला बसलेली नाही, हे आधीच सांगते, कारण ह्यात आमच्या भागाचं किती भलं झालंय ते मी रोज बघते. आमच्या सीमाभागातल्या पोरांनी आजवर केलं काय तर बॅग भरली आणि पुणं गाठलं. नाहीतर बेंगलोर, नाहीतर मुंबई, आणि कमी शिकलेला असेल तर गोवा. व्हीटीयूचं, म्हणजे राज्याच्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय इथं, इंजिनियरिंगची कॉलेजं इथं, आणि शिकून बाहेर पडलेल्यांना त्या तोडीची नोकरी मात्र इथं नाही, हे दुखणं जुनं आहे. त्यात मराठी शाळेतनं आलेल्या पोरांचं आणखी एक दुखणं, इथल्या सरकारी नोकरीत कन्नडची अट आणि तिकडं महाराष्ट्रात गेलं की तुम्ही कर्नाटकचे. २०२४ च्या जुलैत कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा देणारं विधेयक मंजूर केलं होतं, त्यातसुद्धा स्थानिक कुणाला म्हणायचं ते ठरवताना कन्नड होतंच, पुढं उद्योगवाल्यांनी ओरड केली आणि ते बाजूला ठेवलं, पण तेवढ्या दोन दिवसांत आमच्या घराघरांत काय बोलणी झाली ते मला माहीत आहे. बर्लिनवाला तुम्हाला कन्नड येतं का विचारत नाही, मराठी येतं का विचारत नाही, तुमचं गाव कुठल्या राज्यात पाहिजे होतं हे तर त्याला ठाऊकच नाही. खानापूर तालुक्यातली एक पोरगी घरात बसून, म्हशीची धार काढून झाल्यावर लॅपटॉप उघडते आणि पुण्याच्या पगाराइतकं कमावते, आईचं औषधपाणी बघते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. असल्या नोकरीला नावं ठेवायला माझी जीभ रेटणार नाही.

आणि ईओआर नसता तर काय झालं असतं तेही बघा. परदेशी कंपन्या आधी पोरांना सरळ कॉन्ट्रॅक्टर म्हणून घ्यायच्या, अजून घेतात. पोरांनाही बरं वाटतं कारण इन्कम टॅक्सच्या ४४एडीए ह्या कलमाखाली निम्मं उत्पन्न नफा म्हणून दाखवलं की टॅक्स कमी बसतो. पण मग वर्षाला २० लाखांवर गेलं की जीएसटी नोंदणी, परदेशी कामावर जीएसटी न भरता चालावं म्हणून एलयूटीचं हमीपत्र, डॉलर आले की त्याचा कागद बँकेकडं मागत फिरा, आणि पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही, बाळंतपणाची रजा नाही, आणि उद्या नको म्हटलं की नको. त्यामानानं थर्ड पार्टी पेरोल कितीतरी बरं. माझ्याकडं कुणी दोन्ही ऑफर घेऊन आलं तर मी डोळे झाकून पेरोलची घे म्हणूनच सांगते.

बरं आहे, पण पुरं नाही. भोक कुठं आहे ते मला गेल्या वर्षी कळलं.

वर म्हटली तीच खानापूरकडची पोरगी. अडीच वर्षं एका परदेशी कंपनीचं काम करत होती, मधल्या कंपनीच्या पेरोलवर. कामाबद्दल एक तक्रार नाही, दोनदा पगारवाढ. तिनं टीममधे सांगितलं की दिवस गेलेत, अमुक महिन्यापासून रजेवर जाईन. तीन आठवड्यांत मधल्या कंपनीकडनं दोन ओळींची मेल आली, क्लायंटची रिक्वायरमेंट संपल्यामुळं तुमची नोकरी नोटिशीच्या मुदतीनंतर संपेल. तिनं मधल्या कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की निर्णय आमचा नाही, क्लायंटचा आहे, आम्ही फक्त कागदपत्रं बघतो. परदेशातल्या मॅनेजरला विचारलं, तो बिचारा चांगलं बोलला, वाईट वाटलं म्हणाला, पण तू कायद्यानं आमची एम्प्लॉयी नाहीस त्यामुळं ह्यावर मला बोलता येत नाही असं सांगून मोकळा झाला. म्हणजे काढलं कुणी? ज्यानं काढलं तो म्हणतो ही माझी नव्हेच, आणि जिची ती होती ती म्हणते मी काढलंच नाही.

कायदा काय म्हणतो ते स्पष्ट आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा, १९६१ च्या बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली ती १२ वरून २६ केली. गरोदरपणात कामावरून काढलं म्हणून तो हक्क बुडत नाही, हेही त्याच कायद्यात लिहून ठेवलं होतं, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलंय. हक्क आहे, फक्त तो मागायचा कुणाकडं तेच कळत नाही. मधल्या कंपनीचं भारतातलं ऑफिस बेंगलोरात, तिथं जायचं तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं अख्खी रात्र काढून, सहावा महिना लागलेल्या बाईनं. आणि जाऊन भेटणार कुणाला, एका कोवर्किंग ऑफिसातल्या टेबलाला? तिनं ज्यांच्यासाठी अडीच वर्षं रात्री जागून काढल्या त्यांच्यातलं कुणी तिथं बसत नाही.

तिची मेल वाचताना मला माझी आई आठवली. कारण हे दुखणं आमच्या भागाला नवीन नाही, आमच्या भागानं ते आधी भोगलंय आणि त्यावर इलाजही बघितलाय, फक्त तो इंजिनियरांच्या लक्षात येत नाही.

मी मूळची निपाणीची. माझी आई बिड्या वळायची. निपाणी म्हणजे तंबाखू आणि तंबाखू म्हणजे बिडी, घराघरात बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, ओलं फडकं, पानं, कातरी, दोरा. कारखान्यात जाऊन वळणाऱ्या होत्या आणि घरात बसून वळणाऱ्याही होत्या, घरात वळणाऱ्यांचा कारखानदाराशी संबंध यायचा नाही, मधे ठेकेदार. तो पानं आणि तंबाखू मोजून देणार, संध्याकाळी बिड्या मोजून घेणार, हजाराच्या हिशोबानं मजुरी देणार. आणि घेताना छाट काढणार. छाट म्हणजे नापास बिड्या. वाकडी आहे, सैल आहे, तोंड नीट मुडपलं नाही, टाक बाजूला. छाटेचे पैसे नाहीत. आई ज्या दिवशी रडवेली होऊन यायची त्या दिवशी समजायचं, आज छाट जास्त गेली.

मजुरी का कमी म्हणून कारखानदाराला विचारलं तर तो म्हणायचा ह्या बायका माझ्या नव्हेत, ठेकेदाराच्या आहेत. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणायचा मी काय करू, शेठ देतात त्यातनं देतो. तंतोतंत तेच उत्तर. मधे पन्नास-साठ वर्षं गेली, पान-तंबाखूच्या जागी लॅपटॉप आला, मजुरी शेकडो पटीनं वाढली, आणि उत्तर तेच.

ह्याच्यावर देशानं काय केलं? १९६६ साली बिडी-सिगार कामगारांचा कायदा झाला. त्यात मूळ मालक, म्हणजे प्रिन्सिपल एम्प्लॉयर, ही कल्पना घातली, आणि ठेकेदारामार्फत घरात बसून वळणारी बाईसुद्धा कामगारच धरली. बिडीवाले सुप्रीम कोर्टात गेले, मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या नावानं तो खटला ओळखला जातो, १९७४ साली निकाल लागला आणि कोर्टानं कायदा उचलून धरला. त्यातला मुद्दा माझ्या भाषेत सांगायचा तर असा, की ठेकेदार मधे किती का असेनात, बाजारात बिडी ज्याच्या नावानं, ज्याच्या ट्रेडमार्कनं विकली जाते, जबाबदारी त्याच्यापर्यंत जाणार. बंडलावर लेबल ज्याचं, मालक तोच. छाटेबद्दलचा नियमही त्यात टिकला, शंभरात ५ पेक्षा जास्त बिड्या साधारणपणे छाट म्हणून टाकता येणार नाहीत.

पुढं १९७७ साली बिडी उद्योगाला पीएफ लागू झाला, परत कारखानदार कोर्टात, घरात बसून वळणारीवर आमची देखरेखच नाही तर ती आमची नोकर कशी म्हणून. १९८५ साली पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डोक्यावर उभं राहूनच देखरेख होते असं नाही, माल नापास करायचा अधिकार तुमच्याकडं आहे ना, तोच ताबा, तीच देखरेख. ती बाई कामगार आहे, तिचा पीएफ भरा.

हे वाक्य मला फार मोठं वाटतं. जो छाट काढतो तो मालक.

आता खानापूरच्या त्या पोरीकडं बघा. ती कोड लिहून पाठवायची, परदेशातला सिनियर तो तपासायचा, पसंत नाही पडला तर परत पाठवायचा, पुल रिक्वेस्ट रिजेक्ट. ही छाटच की. मधल्या कंपनीनं अडीच वर्षांत तिच्या कामातली एक ओळ बघितलेली नाही, बघितली तरी कळणार नाही. रोज सकाळच्या स्टँडअप कॉलला कोण, रजा मंजूर कोण करतं, वर्षाला रेटिंग कोण देतं? सगळीकडं एकच उत्तर येतं. आणि तयार झालेल्या ॲपवर लेबल कुणाचं? मग १९७४ आणि १९८५ साली बिडी वळणाऱ्या बाईला जे मिळालं ते २०२५ साली इंजिनियर बाईला का मिळू नये, ह्याचं उत्तर मला कुणी देत नाही.

नवीन कायद्यांत मिळेल असं वाटलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यात गेले, आईच्या हक्काचा १९६६ चा बिडी कायदाही त्यातच मिसळला. काही गोष्टी चांगल्या आहेत, प्रत्येकाला अपॉइंटमेंट लेटर द्यायलाच पाहिजे, काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायला पाहिजे, ठराविक मुदतीच्या नोकरीवाल्याला वर्षभरातच ग्रॅच्युइटी. कंत्राटदारानं पगार दिला नाही तर मूळ मालकानं द्यायचा हेही आहे. पण त्याच संहितेत कंत्राटी कामगार कोण ह्याच्या व्याख्येतनं एक माणूस वगळलाय, कंत्राटदाराकडं नियमित नोकरीत असलेला, ज्याला पगारवाढ मिळते, पीएफसारखी सामाजिक सुरक्षा मिळते. म्हणजे आमची ईओआरवरची पोरं. त्यांना पीएफ आहे, वाढ आहे, लेटरवर परमनंट लिहिलंय, त्यामुळं ती कंत्राटी नाहीत असं म्हणायला वाट मोकळी, आणि कंत्राटी नाहीत म्हणजे मूळ मालकाचा प्रश्नच मिटला. आणि मूळ मालक धरला तरी तो बसलाय बर्लिनला, बेळगावच्या कामगार अधिकाऱ्यानं नोटीस धाडायची कुठं?

लोक मला म्हणतात, महिना लाख-दीड लाख घेणाऱ्यांची कसली काळजी करता, ती आपलं बघून घेतील. कशी बघून घेतील? पगार मोठा म्हणून होमलोन मोठं, बहिणीचं लग्न त्यांच्याच अंगावर, म्हाताऱ्यांचं ऑपरेशन त्यांच्याच अंगावर, आणि बऱ्याच जणांचा पीएफ तर १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे महिना १,८०० वर थांबवलेला, लाखाच्या पगाराला १,८००. बाळंतपणाची रजा ही काय गरिबीची सवलत नव्हे, ती बाईचा हक्क आहे, पगार किती ते न बघता दिलेला.

दुसरं म्हणणं जास्त वजनाचं आहे, आणि त्याला मी सरळ उत्तर देते. फार नियम लावले तर कंपन्या उठून फिलिपिन्सला जातील, व्हिएतनामला जातील, मग बसा घरी. हे खोटं नाही. बिडीतसुद्धा झालंय. १९६८ साली केरळनं बिडी कायदा अंमलात आणला तेव्हा मंगळूरच्या मोठ्या बिडीवाल्यांनी कण्णूरकडलं काम बंद केलं, हजारो घरं उघड्यावर पडली, त्यातनंच पुढच्या वर्षी दिनेश बिडीची सहकारी सोसायटी उभी राहिली. पण ते का झालं ते बघा. कारण कायदा एका राज्यानं लावला आणि शेजारच्यानं नाही लावला, पळायला जागा होती. म्हणून मी म्हणते हे काम बेंगलोरचं नाही, दिल्लीचं आहे, सगळ्या देशात एकदम झालं पाहिजे.

आणि मी मागते ते काही जगावेगळं नाही. ह्या बर्लिनवाल्याच्या स्वतःच्या देशातच बघा. जर्मनीत एका कंपनीचा माणूस दुसऱ्या कंपनीला कामाला द्यायचा तर देणाऱ्याला सरकारी परवाना लागतो, २०१७ पासून एका ठिकाणी साधारणपणे १८ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि जास्त ठेवला तर तो ज्याचं काम करतो त्याचाच नोकर धरला जातो. नऊ महिन्यांनंतर पगारही तिथल्या माणसाइतका. नेदरलँड्सनं २०२० पासून पेरोलवरच्या माणसाला मूळ कंपनीच्या माणसासारख्याच अटी द्यायला लावल्यात. तिथला धंदा बुडाला नाही. जी कंपनी आपल्या गावात हे नियम पाळते तिनं येळ्ळूरच्या पोराच्या बाबतीत का पाळू नयेत? आमच्या पोरीचं अडीच वर्षांचं काम जर्मनीत झालं असतं तर दीड वर्षानंतर ती त्यांची स्वतःची नोकर झाली असती.

आपल्याच देशातलं एक उदाहरण देते, त्याचा तर मला सगळ्यात जास्त राग येतो. बेळगाव-निपाणीकडनं आखातात कामाला गेलेली किती घरं आहेत, त्यांना पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र खात्याकडं नोंदणी करावी लागते आणि ५० लाखांची बँक गॅरंटी ठेवावी लागते, लहान एजंटाला ८ लाखांची. का, तर माणूस तिकडं फसला, पगार बुडाला, परत आणायचा झाला तर पैसा सरकारच्या हाताशी पाहिजे. म्हणजे माणूस विमानानं गेला तर मधल्या माणसाला गॅरंटी, आणि त्याच माणसाचं कष्ट नुसतं वायरीतनं परदेशी गेलं तर मधल्याला काहीच नाही? कष्ट तर दोन्हीकडं परदेशीच विकलं.

तर ईओआर कंपनीनं माणसं घेतली की त्या प्रमाणात बँक गॅरंटी ठेवावी, निदान नोटिशीचा पगार, ग्रॅच्युइटी आणि बाळंतपणाची रजा एवढं त्यातनं निघेल इतकी, आणि ती तिनं क्लायंटकडनं आधीच घ्यावी, फीमधे धरावी, तो तिचा प्रश्न. अपॉइंटमेंट लेटरवर ज्याचं काम करायचं त्या कंपनीचं पूर्ण नाव, देश, नोंदणीचा पत्ता छापलेला पाहिजे, बंडलावर असतो तसा. काढायचं असेल तर क्लायंटनं कारण लेखी द्यावं, "रिक्वायरमेंट संपली" एवढ्यावर भागू नये. दीड-दोन वर्षं सलग एकाच क्लायंटचं काम झालं तर तो मूळ मालक धरला जावा. आणि तक्रार माणूस जिथं बसून काम करतो तिथल्या कामगार ऑफिसात ऐकली जावी, बेळगावची बेळगावात, आणि ती मराठीत लिहून दिली तरी घेतली जावी, कारण इथं घाबरलेला माणूस पहिल्यांदा मराठीतच बोलतो. हे शेवटचं मी सीमावादाचं राजकारण म्हणून लिहीत नाही. १९५६ पासून काय झालं आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात काय पडून आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तो निकाल लागायचा तेव्हा लागेल, कामावरून काढलेल्या पोरीला पुढच्या महिन्याचा हप्ता भरायचाय.

पोरांना माझं एवढंच सांगणं आहे की पगार आला म्हणजे सगळं आलं असं समजू नका. पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघा, स्लिपवर कापलंय ते जमा झालंय का. क्लायंटच्या मेल, रेटिंग, पगारवाढीचे निरोप, कामाचं कौतुक केलेलं सगळं स्वतःजवळ उतरवून ठेवा, कंपनीचा लॅपटॉप शेवटच्या दिवशी परत जातो आणि त्याबरोबर तुमचा पुरावाही जातो. आमच्या आईकडं ठेकेदाराच्या सहीचं कार्ड होतं, ते तिनं पत्र्याच्या डब्यात तीस वर्षं सांभाळलं, म्हणून तिची पेन्शन सुरू झाली. फार नाही, हजाराच्या थोडी वर, पण ती दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुकावर छापून आणते आणि मला दाखवते.

खानापूरच्या पोरीला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तिचा अर्ज आम्ही मिळून लिहिला, एका वकील मैत्रिणीनं तपासून दिला. त्यात सामनेवाले म्हणून दोन नावं टाकलीत. पहिलं मधल्या कंपनीचं, बेंगलोरच्या पत्त्यासकट. दुसरं परदेशातल्या कंपनीचं, आणि त्याच्याखाली कारण लिहिलंय, रोजचं काम हे देत होते, तपासत हे होते, नापास हे करत होते. काउंटरवरच्या माणसानं दुसरं नाव काढून टाका म्हणून सांगितलं, परदेशी कंपनीला इथनं काय करता येतंय म्हणाला. तिनं काढलं नाही. अर्ज दोन्ही नावांनी आत गेलाय, पोचपावतीवर शिक्का आहे, तारीख अजून पडायची आहे.